कार्डाच्या कोपऱ्यातलं नाव

विश्वासराव कारखानिसांचा इंग्रजीवर काडीचाही विश्वास नव्हता. जी भाषा लिहिते एक आणि बोलते दुसरं, तिला बैठकीच्या खोलीत बसवावं, चहा पाजावा, पण कपाटाची किल्ली काही तिच्या हाती देऊ नये, असं त्यांचं साधं मत होतं. आणि गंमत अशी की बडोद्यात कारेलीबागेच्या त्या टापूत इंग्रजी शब्दांचं सगळ्यात मोठं भांडार त्यांच्याच घरी होतं.

याला कारण घडलं बासष्ट साली. विश्वासराव तेव्हा चोवीस वर्षांचे, गावाबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ग्रंथपाल म्हणून नुकतेच चिकटलेले. नव्या कँटीनच्या उद्घाटनाला इंग्रजीतलं पत्रक वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. वाचता वाचता मध्ये एक शब्द आला. अन्नसामग्री असा त्याचा अर्थ, तो त्यांना ठाऊक होता. त्यांनी अक्षरं दिसली तशी खणखणीत वाचली, ‘व्हिक्चुअल्स’. समोर बसलेले मोठे साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. “व्हिटल्स, माय डियर फेलो, व्हिटल्स!” मग सगळं कँटीन हसलं, ज्यांना तो शब्द जन्मात ऐकून ठाऊक नव्हता तेसुद्धा. विश्वासराव त्या संध्याकाळी घरी न जाता ग्रंथालयात बसले आणि पुस्तकांच्या यादीसाठी असतं तसं एक कोरं जाड कार्ड घेऊन त्यावर त्यांनी तो शब्द लिहिला. ते पहिलं कार्ड. नव्याण्णव साल उजाडलं तेव्हा कार्डं पस्तीसशेच्या वर गेली होती आणि बुटांच्या एकवीस खोक्यांत वर्णानुक्रमानं उभी होती.

प्रत्येक कार्डाची मांडणी ठरलेली. वर इंग्रजी शब्द. खाली देवनागरीत उच्चार, आणि ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याच्या पायाशी लाल शाईचं टिंब. त्याखाली मराठीत अर्थ. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक, मोडी लिपीत एका माणसाचं नाव.

हे नाव म्हणजे विश्वासरावांची खरी युक्ती. नुसता घोकलेला अर्थ उडून जातो, तो कुणाच्या तरी अंगाला डकवावा लागतो, असं ते मानत. ‘पार्सिमोनियस’ म्हणजे चिक्कू, हे लक्षात ठेवायला त्या कोपऱ्यात जिन्यातला सोसायटीचा दिवा काढून स्वतःच्या मोरीत लावणाऱ्या रमाकांतांचं नाव होतं. ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबडी; तिथे मेहुणी अहल्या. ‘अक्सॉरिअस’ म्हणजे बायकोच्या पदराला बांधलेला. तिथे कोण होतं ते सांगत नाही, गृहस्थ अजून हयात आहेत. विश्वासरावांचे आजोबा गायकवाडी अमलात हुजूर दफ्तरात होते, त्यामुळे मोडी घरात होती, वडिलांनी ती कान पिळून शिकवली होती. आता आख्ख्या कारेलीबागेत ती वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. लोक येत, त्या खोक्यांना टेकून चहा पीत, शेवेवर ताव मारत, आणि प्रत्येकाचे दुर्गुण त्याच्याच पाठीशी सुखरूप उभे असत.

तेव्हा बडोद्यात अमेरिकेची साथ आलेली. कॉम्प्युटर शिकलेलं दर दुसरं पोर तिकडच्या परीक्षेला बसायचं, आणि त्या परीक्षेत असे शब्द यायचे की जे अमेरिकेतल्या माणसानंही आयुष्यात एकदा वापरले तर वापरले. त्यातली दोनचार पोरं दर वर्षी विश्वासरावांकडे येत. फी म्हणून शंभर कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आणायचा, बाकी काही नाही. पण नियम कडक. कार्ड खोलीबाहेर जाणार नाही. झेरॉक्स नाही. हिंडोळ्यावर बसायचं आणि हातानं वहीत उतरवायचं, “अक्षर न् अक्षर, टिंब न् टिंब, जसं आहे तसं.”

या वर्षी मांजलपूरची इरा येत होती. बावीस वर्षांची, इंजिनीअर झालेली, सकाळी साडेसातला, हँडलला मोत्यांची माळ बांधलेल्या निळ्या स्कूटीवरून हजर. “काका, उद्या जरा लवकर आले तर चालेल ने?” असं बडोदी मराठी बोलणारी. अक्षर सुरेख, मान खाली, प्रश्न कमी. विश्वासराव तिच्यावर खूश होते. निदान नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत तरी होते.

दहा तारखेला ते पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याची नक्कल काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. मशीन धडधडत होतं. “काका, बे मिनिट,” तो म्हणाला, “अलकापुरीना क्लासनां पानां छे, पछी तमारूं.” विश्वासरावांनी सहज एक पान उचललं. त्यावर इंग्रजी शब्द होते. खाली देवनागरीत उच्चार होते. आणि जोराच्या अक्षराच्या पायाशी टिंब होतं.

त्यांच्या हातातला दाखला खाली पडला.

“कोनो क्लास?”

“कुशलभाईनो. बहु मोटो क्लास छे, काका. एसी!”

कुशल! सत्त्याऐंशी साली याच हिंडोळ्यावर बसून सहा महिने कार्डं उतरवणारा कुशल. पद्माताईंच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीवर दोनदोनदा दही मागून घेणारा. त्याला व्हिसा मिळाला नाही, मग कुठेशी नोकरी केली, आणि दोन वर्षांपूर्वी अलकापुरीत क्लास काढला असं कानावर आलं होतं. उद्घाटनाला बोलावणं नाही, साधा पेढा नाही. विश्वासरावांना ते लागलं होतं, पण त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. आता मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकलेली ती पाल पुढे महिनाभर गप्प बसली नाही. कुशलकडे कार्डं जातात. म्हणजे घरातून कुणीतरी नेतं. कोण?

पहिला संशय बायकोवर. पद्माताई दर गुरुवारी भजनाला जात, आणि तिथे त्यांच्या शेजारी बसत दुर्गाबाई, म्हणजे कुशलची आई. विश्वासरावांनी खोक्यांच्या झाकणांवर टाल्कम पावडर भुरभुरली, बोटांचे ठसे उमटावेत म्हणून. दुपारी येऊन पाहतात तो पावडरच गायब.

“तू खोक्यांना हात लावलास?”

“धूळ किती होती ती! पांढरी पांढरी. पुसली.”

“पुसलीस, की पुरावा मिटवलास?”

पद्माताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “अहो, तेहतीस वर्षं तुमच्या त्या खोक्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात जातेय मी. मला त्यातला एक शब्द येत नाही. विकायचीच असती तर रद्दीवाल्याला विकली असती, जागा तरी झाली असती!”

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच विश्वासरावांना ते फार तयारीचं वाटलं. तरी त्यांनी बायकोला तात्पुरतं सोडलं आणि नजर इराकडे वळवली. पोरीची बॅग नको तेवढी मोठी होती. एके सकाळी त्यांनी तिला ती उघडायला लावली. आत थेपल्यांचा डबा निघाला. इरानं भाबडेपणानं दोन थेपले त्यांच्या हातावर ठेवले, आणि त्यांनी ते खाल्लेही, पण संशय काही गिळला गेला नाही. पुढच्याच आठवड्यात डोळे तपासायला अलकापुरीत गेले असताना त्यांना कुशलच्या क्लासखाली इराची निळी स्कूटी उभी दिसली. हँडलला तीच मोत्यांची माळ.

सापडली! सकाळी इथे उतरवायचं, संध्याकाळी तिथे ओतायचं. चोराला पकडायचं तर मुद्देमालासकट, असं त्यांनी ठरवलं. आणि इथे या सज्जन माणसानं असं एक काम केलं जे सदतीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी खोटं कार्ड तयार केलं.

शब्द त्यांनी स्वतः घडवला. लॅटिनमध्ये ‘टिग्नम’ म्हणजे घराचा वासा, त्यावरून ‘टिग्नरस’. ‘टि’खाली लाल टिंब. अर्थ: खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. कोपऱ्यात मोडीत नाव घातलं, कुशल. मग ते कार्ड चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवलं, म्हणजे तीस वर्षांचं दिसावं. पद्माताई गच्चीवर पापड उलटायला आल्या तेव्हा नवरा एका कार्डाला वारा घालतोय असं त्यांना दिसलं. त्या पापड तसेच ठेवून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी ‘टी’चा गठ्ठा इरासमोर ठेवला. तिनं एकेक उतरवत ते कार्ड हातात घेतलं आणि थांबली.

“काका, हा शब्द मी कधीच नाही ऐकला.”

“न ऐकलेलेच विचारतात ना परीक्षेत?”

“हो, ते बराबर आहे.” तिनं मान खाली घातली आणि शब्द, उच्चार, टिंब, अर्थ आणि कोपऱ्यातली ती बारीक मोडी खूणसुद्धा, सगळं जसंच्या तसं वहीत काढलं. विश्वासरावांना एक क्षण कसंतरीच झालं. पोरीची परीक्षा दहा दिवसांवर होती. पण जो शब्द जगातच नाही तो परीक्षेत कसा येईल, तेव्हा नुकसान कुणाचंच नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

नुकसान कुठून येणार होतं ते त्यांना सुचलंच नाही. एरवी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरही संशय घेणारा माणूस, पण तेवढं एक त्याच्या ध्यानात आलं नाही.

आठव्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे नवीन पानांचा गठ्ठा होता. तिसऱ्या पानावर मधोमध टिग्नरस. विश्वासरावांना त्या भर बाजारात नाचावंसं वाटलं. ते पान घडी करून खिशात घातलं, घरी आले, बायकोला अलकापुरीला जातोय म्हणाले, लग्नाकार्यात घालायचा कोट काढला. आज शुक्रवार, चार वाजता कुशलचा मोठा वर्ग असतो, ही माहिती त्यांनी आधीच काढून ठेवली होती. भर वर्गात विचारणार होते, हा शब्द कुठल्या डिक्शनरीत आहे ते दाखव.

दारात पद्माताईंनी एक पाकीट पुढे केलं. “इरा सकाळी देऊन गेली. अमेरिकेच्या कॉलेजला पाठवायचा निबंध आहे म्हणे. पाचच्या कुरिअरनं जायचाय, काकांनी एकदा नजर घालावी म्हणाली. चाललाच आहात अलकापुरीला, तर तिथेच तिला देऊन टाका.”

“ती तिथे असते हे तुला माहीत होतं?”

“आख्ख्या बडोद्याला माहीत आहे. कॉम्प्युटरवर गणिताची परीक्षा कशी द्यायची ते शिकायला जाते ती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हती.”

विश्वासरावांनी पाकीट खिशात घातलं. स्कूटरला दोन किका मारल्या आणि निघाले.

क्लास तिसऱ्या मजल्यावर. काचेच्या दाराआड साठेक पोरं बसलेली, कुशलची पाठ बाहेरच्या बाजूला, तो काहीतरी समजावत होता. दार उघडून आत घुसायचं की तास संपू द्यायचा? विश्वासराव झाले तरी ग्रंथपाल; चाललेल्या तासात शिरणं त्यांच्यानं होईना. बाहेरच्या बाकावर बसले आणि वेळ काढायला पाकीट उघडलं.

दोन पानी निबंध होता. इंग्रजी स्वच्छ, कुठे दिखावा नाही. वडील रेल्वेत, आपण इंजिनीअरिंग का निवडलं, पुढे काय करायचंय. शेवटच्या परिच्छेदात कारेलीबागेतले एक गृहस्थ होते, जे शंभर कोऱ्या कार्डांवर शिकवतात आणि ज्यांचं कार्ड आजवर कधी चुकलेलं नाही. आणि शेवटचं वाक्य होतं, ‘तुमच्या देशात शिकून मी मोठी होईन, पण ज्या घरानं मला शब्द दिले त्या घराशी मी कधीही टिग्नरस होणार नाही.’

विश्वासरावांनी ते वाक्य तीनदा वाचलं. परक्या देशातला कुणी प्रोफेसर हा कागद हातात धरून चष्मा पुसत हसतोय, असं त्यांना लख्ख दिसलं. बासष्ट सालचं ते कँटीन पुन्हा त्यांच्या कानात हसलं. फरक एवढाच की या वेळी उभी इरा होती आणि तिला तिथे उभं करणारे ते स्वतः होते. समोरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दार उघडलं. कुशल बाहेर आला होता. कानशिलांवर केस पिकलेले, पण उभं राहण्याची ढब तीच, जरा वाकून, शिकायला आल्यासारखी.

“या ना काका. बाहेर का बसलात?”

विश्वासराव आत गेले. साठ पोरं उठून उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या इरानं पाहिलं आणि तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. फळ्यावर टिग्नरस लिहिलेला होता, ‘टि’खाली लाल खडूचं टिंब, पुढे अर्थ. त्याखाली ‘उदाहरण’. आणि उदाहरणापुढे, पोरांना नक्षीच वाटावी अशी, मोडीतली तीन अक्षरं.

त्यांनी वाचली. कुशल.

“हे... हे तुला वाचता येतं?”

“येतं, काका.” कुशल खाली बघत, पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलत होता. “सत्त्याऐंशीला मी ती खूण उच्चाराचाच भाग समजून वहीत काढायचो. आम्ही सगळेच काढायचो, इराही काढते. मग व्हिसा नाकारला गेला, वही काढून बसलो, म्हटलं ही खूण काय ते तरी कळू दे. एका म्हाताऱ्या दफ्तरदारांकडे मोडी शिकलो. ‘ॲसिड्युअस’च्या कार्डावर माझं नाव निघालं. नेटानं काम करणारा. त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली.”

विश्वासरावांना ते कार्ड आठवलं. आणि आता, फार उशिरा, आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली: त्या झेरॉक्सच्या पहिल्या पानावर सत्त्याऐंशीनंतरचा एकही शब्द नव्हता. सगळे जुने होते. ते कार्डांवरून आलेच नव्हते, कुशलच्या जुन्या वहीतून आले होते. कुठलं कार्ड कुठल्या सालचं हे झोपेत सांगणाऱ्या ग्रंथपालाला ते दिसलं नव्हतं, कारण त्याला चोर हवा होता.

“क्लास काढला तेव्हा दोनदा तुमच्या जिन्यापर्यंत आलो,” कुशल सांगत होता. “तुमचीच विद्या विकतोय, तुमचं नाव कुठे नाही. कुठल्या तोंडानं वर येणार? मग परवा इराच्या वहीत हे पाहिलं. शब्दकोशांत शोधलं, कुठे मिळालं नाही. पण तुमचं कार्ड, म्हणजे शब्दकोशच अपुरे. आणि खाली माझं नाव. खोटं कुठे आहे? म्हणून शिकवलं, उदाहरणासकट.”

विश्वासरावांनी पोरांकडे पाहिलं. साठ वह्या उघड्या होत्या आणि साठही वह्यांत तो शब्द होता. यातल्या किती जणांनी तो निबंधात घातला असेल? त्यांना बसावंसं वाटत होतं, पण ते उभेच राहिले.

“हा शब्द खोटा आहे,” ते मोठ्यानं म्हणाले. “जगातल्या कुठल्याही शब्दकोशात नाही. मी घरी बसून बनवला. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता खोडून टाका, आणि निबंधात लिहिला असेल तर तिथलाही खोडा.”

वर्गात चुळबुळ झाली. मागून एकानं कारण विचारलं, “पण सर, शा माटे?”

“चोर पकडवा.”

“पछी? चोर मळ्यो?”

“मळ्यो,” विश्वासराव म्हणाले.

इरा रडायच्या बेतात होती. तिनं पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, शेवटचं पान काढलं, पेन उघडलं आणि विचारलं, “काका, मग तिथे कोणता शब्द घालू? पाचचं कुरिअर आहे.”

पस्तीसशे कार्डं त्यांनी मनातल्या मनात उलटली. अवघड, सुंदर, गुळगुळीत शब्द एकामागून एक सरकून गेले. त्यातला एकही तिला द्यायची त्यांची हिंमत होईना.

“मोठा शब्द नको,” ते म्हणाले. “विसरणार नाही, एवढंच साध्या इंग्रजीत लिही. आणि माझं कार्ड कधी चुकत नाही असं म्हटलंयस, तेही काढ.”

“ते नाही काढणार,” इरा पुटपुटली आणि लिहायला लागली.

विश्वासरावांनी डस्टर उचललं. टिग्नरस हा शब्द पुसला. अर्थ मात्र तसाच ठेवला. उदाहरणापुढची ती तीन अक्षरं कोटाच्या बाहीनं पुसून काढली आणि खडू घेऊन तिथे दुसरं नाव लिहिलं, मोडीतच, वडिलांनी कान पिळून शिकवलं होतं तसं घोटून. पोरांना ती पुन्हा नक्षीच वाटली.

कुशलनं ते वाचलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं झटकन डस्टरकडे हात नेला.

विश्वासरावांनी त्याचं मनगट धरलं. “राहू दे,” ते म्हणाले. “वाचणारे आपण दोघंच आहोत.”